डोंग्यातलं प्यायचं पाणी

लग्नाला चार महिने झाले होते, तेव्हा नवऱ्याच्या मामाचा पाय मोडला. मामा गोसे धरणाच्या फुगवट्यात मासेमारी करायचे. जाळी तशीच पाण्यात पडलेली. नवरा म्हणाला, "आठ दिवस मी डोंग्यावरच राहीन."

"मीबी येतो," मी म्हणाले. सासूबाईंनी कपाळाला हात लावला, पण अडवलं नाही.

डोंगा, म्हणजे मामांची नाव, मोठा होता, मागच्या बाजूला ताडपत्रीचं छप्पर. चारी बाजूंना पाणीच पाणी, पण हिरवट, शेवाळलेलं. प्यायला कोंढा गावाहून भरून आणलेल्या दोन कॅन, बस्स. नवरा शाळेतल्या मास्तरासारखा नियम सांगू लागला. भांडी धरणाच्या पाण्यानं घासायची आणि शेवटी एकच पेला चांगलं पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात फिरवायचं. भाताची पेज सांडायची नाही, प्यायची. चूळ भरायला दोन घोट. मी तिसरा घोट घेतला की तो नुसतं माझ्याकडे बघायचा.

चौथ्या दिवशी सकाळी मी छपराखालून डोकं बाहेर काढलं. नवरा पाठमोरा बसला होता. गालाला साबण, हातात वस्तरा, मांडीशी पेला, आणि पेल्यात स्वच्छ, चकचकीत पाणी!

"तुमी प्यायच्या पान्यानं दाढी करून राहिले?"

तो दचकला. "हिरव्या पान्यानं खाजते ना वं!"

मला जे हसू सुटलं ते थांबेना. मी डोंग्यातच लोळायला लागले. डोंगा डुलला, कडेला ठेवलेली अर्धी भरलेली कॅन कलंडली आणि धप्पकन पाण्यात.

बुडाली नाही. निळं झाकण वर काढून ती आरामात निघाली. आम्ही दोघं दोन बाजूंनी वल्ही मारायला लागलो. तो डावीकडे पुढे रेटायचा, मी उजवीकडे उलटं, आणि डोंगा जागच्या जागी गोल फिरायचा. त्याच्या एका गालावर अजून साबण. लांबच्या डोंग्यातून मासे धरणारे एक म्हातारे ढिवरबुवा ओरडले, "काय पकडून राहिले बे? मोठी मासोळी आहे का?"

"पानी!" आम्ही एकदम ओरडलो.

त्यांनी वल्ह्यानं कॅन आमच्याकडे ढकलली. नवऱ्यानं ती कवटाळून वर ओढली, झाकण तपासलं. घट्ट होतं. इतका आनंद झाला की आम्ही नियम-बियम विसरून तिथल्या तिथे दोन-दोन पेले प्यायलो. ढिवरबुवांनाही एक पेला दिला. ते म्हणाले, "लई गोड आहे."

अर्थात सहाव्या दिवशी दुपारी दोन्ही कॅन रिकाम्या. जाळी ओढून झाल्यावर काठाला लागलो आणि पहिल्याच घराच्या अंगणात शिरलो. तिथल्या बाईनं विहिरीचं पाणी दिलं. तिसरा तांब्या संपला तरी मी हात पुढेच केलेला.

"कोठून आली वं, एवढी तहानलेली?" तिनं विचारलं.

"धरनातून," मी म्हणाले. मग ती बाई जी हसायला लागली, तिला आवरता आवरता आमची दुपार गेली.