शिवकांताबाईंचे तीन पेले

लातूरच्या क्लासेसच्या भागात भिंत मोकळी दिसली की तिच्यावर कुणा ना कुणा टॉपरचा फोटो चिकटतो. त्या टॉपरांच्या पोटात गेलेल्या पोळ्या कुणी लाटल्या, याचा फोटो कुणी लावत नाही. लावला असता तर शिवकांताबाई केव्हाच शहरभर झळकल्या असत्या. डॉक्टर व्हायला आलेली गावोगावची पोरं त्यांच्या मेसमध्ये जेवायची आणि त्यांना मावशी म्हणायची.

बाई किल्लारीजवळच्या एका खेड्यातल्या. त्र्याण्णवच्या भूकंपात दगडी घर आत कोसळलं. यजमान व्यंकटराव शेतात राखणीला होते म्हणून वाचले. बाईंना लोकांनी ढिगाऱ्यातून ओढून काढलं, पण आजीच्या कुशीत निजलेली त्यांची लहानगी लेक उज्वला गेली. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढताना बाईंना एक सवय लागली. उशाशी एक पेला पालथा ठेवायचा, त्याच्या बुडावर दुसरा सुलटा, त्याच्या तोंडावर तिसरा पालथा आणि सगळ्यांत वर लोटी. बुडाला बूड, तोंडाला तोंड. जमीन जरा हलली की खणखणाट झालाच पाहिजे.

शेड सुटली, लातूरला घर झालं, पुष्कळ वर्षांनी आणि पुष्कळ नवसांनी सत्यम झाला. पेले मात्र रोज दिवेलागणीला त्याच्या उशाशी उभे राहायचे आणि सकाळी मेसच्या पंगतीला जायचे.

दहावीला पोरानं नाव काढलं म्हणून व्यंकटरावांनी त्याला गेम खेळायचा कॉम्प्युटर घेऊन दिला. शेजारणींनी नाकं मुरडली, पण बाई खूश होत्या. पोरगं घरात आहे, डोळ्यांसमोर आहे, आणखी काय पाहिजे? फिकीर एकच होती. तो खेळायला बसला की कानांवर भलेमोठे हेडफोन चढवायचा. पेले पडले तरी त्याला ऐकू कसं जाणार? बाईंनी डोकं चालवलं आणि पेले थेट कॉम्प्युटरच्या डब्यावरच मांडायला सुरुवात केली. ऐकू नाही आलं तरी निदान नजरेसमोर पडतील. महागाच्या वस्तूला ओरखडा नको, म्हणून खाली टॉवेलची जाड घडी घातली.

तेव्हापासून कॉम्प्युटरचं दुखणं सुरू झालं. खेळ रंगात यायचा, स्क्रीन निळी पडायची, तिच्यावर एक रडकं तोंड उमटायचं आणि सगळं ठप्प. सत्यमनं फॉरमॅट मारला, रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबरानं घासल्या, ड्रायव्हर बदलून पाहिले. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या नरसिंगच्या दुकानात नेला तर तिथं तो दिवसभर शहाण्यासारखा चालला. घरी आणला, संध्याकाळ झाली, पुन्हा निळा. व्यंकटरावांनी व्होल्टेजला शिव्या घातल्या. शेवटी वैतागून सत्यम एका जुनाट इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गेमिंग कॅफेत जाऊन बसू लागला. तिसरा मजला! जमीन हलली तर तिथून पोरगं खाली कसं येणार? त्या स्वतः नरसिंगच्या दुकानात गेल्या.

"बाबा, तेवढं रडकं तोंड घालव. पोरगं घरला येऊ दे."

नरसिंग संध्याकाळी घरी आला. सत्यमनं गेम लावला. थोड्याच वेळात नरसिंगनं डब्याला हात लावला आणि झटकन मागं घेतला. मग त्यानं पेले उचलले, टॉवेल उचलला.

"मावशी, ही जाळी हाय. गरम हवा इथून बाहेर जाती. तुम्ही तिचं नाक-तोंड दाबलं की हो! आत आग होऊन राहिली, म्हणून ते बंद पडतंय."

सत्यमनं पेल्यांकडे जणू पहिल्यांदाच पाहिलं. जन्मापासून उशाशी असलेली वस्तू, तिच्याकडे कोण बघतं?

"आई! इतके दिवस मी हैराण होऊन राहिलो अन् ही तुझी भांडी! तो भूकंप कवाच होऊन गेला. आता कुठं काय हलून राहिलंय?"

बाईंनी पेले पदरात घेतले.

"उज्वलाला मी त्या राती लई हाका मारल्या," त्या म्हणाल्या. "तिला ऐकूच गेल्या न्हाईत. तू बी कान झाकून बसतोस, म्हणून ठेवत होते."

आपल्याला एक बहीण होती, एवढंच सत्यमला ठाऊक होतं. हाकांबद्दल घरात कुणी कधी बोललं नव्हतं. नरसिंग पिशवी उचलून निघून गेला.

कॉम्प्युटर सुधारला, सत्यम घरी खेळू लागला. पेले मेसच्या टोपलीतच राहिले. बाईंना वाईट वाटलं, फार वाटलं. मग एके संध्याकाळी सत्यमनं त्यांना खोलीत बोलावलं.

"आई, बघ. जाळी मोकळी सोडून टेबलावर मांडले."

तीन पेले होते, वर लोटीही होती. पण पेले त्यानं एकात एक घातले होते, घासून फडताळात ठेवतात तसे, आणि लोटी वरच्या पेल्यात घट्ट बसवली होती. इतकी वर्षं ती मांडणी त्याच्या उशाशी होती आणि पोरानं ती एकदाही धड पाहिली नव्हती. भिंत पडेपर्यंत ते पेले वाजले नसते.

"बरोबर हाय ना?"

"हाव. बेस मांडलंस बाळा."

तो खुशीत हसला, हेडफोन चढवले आणि खेळायला लागला. बाई कणकेची परात घेऊन त्याच्या दारात बसल्या.

"सत्यम," त्यांनी हाक मारून पाहिली. मग जरा मोठ्यानं, "सत्यम!"

त्यानं वळून पाहिलं नाही. बाई तिथंच बसून कणीक मळत राहिल्या.