दुसरा नवरंग

वारजेच्या टेकडीवर आम्ही चार-पाच टाळकी पहाटे पक्षी बघायला जायचो, तेव्हा लोकांना आमची कीव यायची. गळ्यात दुर्बीण दिसली की हमखास प्रश्न, "काही हरवलंय का?" आमच्यातल्या काकू शांतपणे सांगायच्या, "हो, शांतता. आपण पुढे गेलात की सापडेल."

नियमही काकूंचाच होता: पक्ष्याला बोलवायचं नाही. आला तर आला. पावसाळ्याच्या तोंडावर इथे घरटी करायला येणारा नवरंग त्यांना इतक्या वर्षांत एकदाही दिसला नव्हता, नुसती शीळ ऐकू यायची. तरी कधी कुरकुर नाही.

आता रविवारी टेकडीवर जत्रा असते. हातभर लेन्स, रील्स, वडापावच्या पुड्या. आणि या जत्रेचा पुढारी कोण, तर मी! लोकांना नाश्त्याच्या आत नवरंग 'मिळायला' हवा असतो. मिळायला म्हणे! मंडईत मेथी मिळते तसा. मग मी खिशातल्या फोनवर त्याची शीळ वाजवतो. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं वाटून तो बिचारा घरटं सोडून भांडायला धावत येतो. हल्ली सगळेच करतात, अशी मी माझी समजूत घालतो. पटत नाही, तरी घालतो.

या जूनमध्ये काकू बऱ्याच दिवसांनी आल्या. गुडघे गेलेत, त्यात मुलगी त्यांना कायमचं बंगळूरला नेणार. "एकदा दिसला पाहिजे रे," म्हणाल्या, आणि माझा खांदा धरून कशाबशा चढल्या. बराच वेळ काही नाही. त्यांचा चेहरा उतरायला लागला आणि माझा हात खिशात गेला.

नवरंग आला. अगदी समोर, छाती फुगवून. काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"बघ! आला की नाही आपणहून?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आम्ही उतरत होतो तरी तो मागे ओरडतच होता, नसलेल्या शत्रूला शोधत. रिक्षात बसताना काकू म्हणाल्या, "अरे, दुसरापण होता ना? तुझ्या बाजूला, अगदी जवळ. त्याची शीळ मला आधी ऐकू आली."

हा टोमणा असता तर मी तिथेच पाय धरून मोकळा झालो असतो. पण त्या खरंच आनंदात होत्या.

"तो काही दिसला नाही बघ. गुडघ्यांनी साथ दिली तर पुढच्या वर्षी त्याच्यासाठी बंगळूरहून येईन."

"या की काकू," मी म्हणालो. "असतो तो इथेच."