डुकरासाठी दुर्बीण

दुर्बिणी विकणाऱ्या माणसांबद्दल माझ्या मनात कायमची शिसारी बसली आहे. तीन आठवडे मी त्यांच्या काउंटरांसमोर उभा होतो. रबराचा तो उग्र वास, काचेला कुणाचं बोट लागलं रे लागलं की पुढे येणारा तो पिवळा फडका, आणि प्रत्येक खोक्यावर छापलेलं, शिंगं वर करून उभं असलेलं ते एकच हरीण. आजही मॉलमध्ये असं दुकान दिसलं की मी दुसऱ्या बाजूने जातो.

अब्बा हिवाळ्यात दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आले होते. आम्ही अबू धाबीजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीत राहतो, बायको, मुलगी आणि मी. अब्बा एरवी रत्नागिरीकडच्या गावात धाकट्या भावाजवळ असतात. काजूची बाग, थोडी नारळाची झाडं, आणि त्यांच्या नावावर शेती राखण्यासाठी परवाना मिळालेली एकनळी बंदूक. रानडुकरांनी आमच्याकडे उच्छाद मांडलाय. रात्रीत येऊन नारळाची रोपं मुळासकट उपटून टाकतात आणि खाऊन झालं की त्यातच लोळतात. त्यांचं नाव काढायचं झालं तरी आमच्या घरात आधी तोंड वाकडं होतं. अब्बांनी उभ्या आयुष्यात तीन मारली, आणि तिन्हींना हात लावायला दुसऱ्यांना बोलवावं लागलं.

परदेशी निघण्याआधी त्यांनी बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली होती. इलेक्शन आलं की ती अशीच जमा करावी लागते आणि निकाल लागून ती घरी येईपर्यंत अब्बा कुणाशी धड बोलत नाहीत. या वेळी ठाण्याची पावती त्यांनी पासपोर्टच्या कव्हरात ठेवली होती आणि रोज सकाळी ती काढून, पुन्हा घडी घालून आत सरकवत होते. मला त्या घडीचा आवाजसुद्धा नकोसा झाला होता.

आल्यावर दुसऱ्याच दिवशी बाल्कनीत चहा पिताना ते मला म्हणाले, "मागच्या मोसमात माझ्या हातून माणूस मरत होता."

मगरिबच्या वेळेला, सूर्य नुकताच बुडाला असताना, बागेत खालच्या अंगाला काहीतरी काळं हलताना त्यांना दिसलं होतं. वाकलेलं, पाचोळा उकरणारं. त्यांनी बंदूक उचलली, नेम धरला, आणि ते काळं खोकलं. ती आमच्या बागेत वर्षानुवर्षं पडलेले काजू गोळा करायला येणारी बाई होती. दिवसभर दुसऱ्यांच्या कामावर जायची आणि संध्याकाळी आमच्याकडे. तिला आजतागायत काही ठाऊक नाही. अब्बांनी दुसऱ्या दिवशी तिला एवढंच सांगितलं की, असरनंतर, म्हणजे दुपार कलल्यावर, बागेत पाऊल टाकायचं नाही. ती भडकली. संध्याकाळचीच तेवढी वेळ तिला मोकळी मिळत होती. तिने गावभर सांगितलं की म्हाताऱ्याची मती फिरली.

"दुर्बीण असती तर आधी बघितलं असतं," अब्बा म्हणाले. "मोसम सुरू व्हायच्या आत एक घेऊन दे. शिकारीवाले वापरतात तसली. मगरिबला दिसेल अशी."

बंदूक विकून टाका, असं मी म्हणून बघितलं, तर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि उठून आत गेले. कप बशीत नाही, बशीच्या काठावर ठेवला होता. सगळा चहा टेबलावर. हे रोजचंच झालं होतं. काचेच्या टेबलावर चिकट गोल डाग, त्यात साखर, त्यावर मुंग्या, आणि ऑफिसला निघताना ते पुसणारा मी. या वयात माणसं इतकी निष्काळजी का होतात, असं मी बायकोला त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो होतो.

बजेट ठरलं चारशे दिऱ्हम. मुलीची फी आणि घरभाड्याचा चेक तोंडावर होता, त्याहून जास्त जमणार नव्हतं. "चारशे म्हणजे साडेनऊ हजार!" अब्बांनी लगेच हिशोब केला. "त्यात नारळांना कुंपण होईल." तरी सगळ्यात पुढे तेच तयार होऊन बसायचे, शर्टाचं एक बटण चुकवून.

पहिलं दुकान दुबईतल्या मॉलमधलं. बहिरी ससाणे बाळगणारे लोक जिथे येतात तसलं. विक्रेत्याने आमचे बूट बघितले आणि मग आम्हाला बघितलं. अब्बांनी एक दुर्बीण उचलली, डोळ्यांना लावली, म्हणाले, "दिसतं की." त्या माणसाने हसतहसत ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि आमच्या समोर, अब्बांचे डोळे जिथे टेकले होते तिथे, फडक्याने दोनदा पुसली. किंमत सहा हजार दिऱ्हम. मला त्याच्या त्या स्वच्छ बोटांची इतकी किळस आली की बाहेर येऊन मी उगाचच अब्बांवर खेकसलो, प्रत्येक वस्तूला हात कशाला लावता म्हणून.

मग मी फोनवर व्हिडिओ बघायला लागलो. कमी पैशांत शिकारीची दुर्बीण कशी निवडावी हे सांगणारे दाढीवाले परदेशी पुरुष. हिरव्या जंगलात बसून बोलतात आणि शेवटी मेलेल्या हरणाचं मुंडकं मांडीवर घेऊन फोटो काढतात. त्यांच्याकडून एक शिकलो. दुर्बिणीवर दोन आकडे असतात. आठ बाय बेचाळीस, म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसणार आणि पुढची काच बेचाळीस मिलिमीटर रुंद. संधिप्रकाशात पहिला आकडा लहान आणि दुसरा मोठा असलेला बरा, म्हणजे उजेड जास्त आत येतो. हे ठीक. पण वाकलेलं डुक्कर आणि वाकलेली बाई यांतला फरक कसा ओळखायचा, हे त्यांच्यातल्या एकानेही सांगितलं नाही. त्यांच्या जंगलात कुणी काजू वेचायला येत नसावं.

दुसरं दुकान एका जुन्या बाजारातलं. इथे विक्रेत्याने अब्बांच्या खांद्यावरच हात टाकला. "हबीबी, ये देखो, तीस बाय साठ! झूम! चाँद का गड्ढा दिखेगा!" काचा लालभडक चमकत होत्या. "अंधेरे में?" मी विचारलं. "अंधेरे में तो और अच्छा!" अब्बांनी ती दुकानातल्या ट्यूबलाइटकडे रोखली. "दिसतं की," ते म्हणाले. नव्वद दिऱ्हममध्ये मी ती घेतली, कारण मला तिथून सुटायचं होतं. घरी आल्यावर मुलीच्या पट्टीने पुढची काच मोजली. साठ कुठली, पंचवीससुद्धा पुरती भरली नाही. रबराचा वास हाताला असा लागला की जेवताना घास तोंडाजवळ नेववेना.

"इट्स ऑब्व्हिअसली फेक, पपा," मुलगी म्हणाली. मग फोनमधून डोकं वर न काढता आजोबांबद्दल पुढे म्हणाली, "अँड दादा कीप्स सेइंग सलाम टू दॅट काका इन द लिफ्ट, लाइक ही थिंक्स इट्स यू."

"दादांची थट्टा करायची नाही," मी तिला दरडावलं.

पुढचे दोन आठवडे असेच गेले. सुट्टीचा प्रत्येक दिवस कुठल्या ना कुठल्या काउंटरपुढे. मला सगळ्यात चीड आणत होते ते अब्बा. त्यांना सगळंच चांगलं वाटायचं. हलकी, जड, लाल काचेची, हिरव्या काचेची, प्रत्येक डोळ्याला लावायचे, क्षणभर थांबायचे, आणि म्हणायचे, "दिसतं की." मी आकडे पाठ करतोय, किमती काढतोय, आणि ज्याच्यासाठी हे चाललंय त्याला काही मतच नाही! एकदा गाडीत मी बोललोसुद्धा, "अब्बा, तुम्हाला दुर्बीण हवी आहे का नुसतं फिरायचंय?" ते खिडकीबाहेर बघत बसले.

शेवटी एका सहकाऱ्याने मुसफ्फा या कारखान्यांच्या भागातलं एक दुकान सुचवलं. तंबू, कॉफीच्या किटल्या, दोऱ्या, शिकारीचं सामान. मालक म्हातारा पठाण होता. आकड्यांबद्दल तो अवाक्षरही बोलला नाही. माझी लाल काचेची दुर्बीण बघून त्याने तोंड असं केलं की मला त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. आठ बाय बेचाळीसची एक साधी काळी दुर्बीण त्याने काढली. साडेतीनशे दिऱ्हम. मी ती डोळ्यांना लावणार, तर त्याने माझा हात धरला.

"दुकान में तो सब अच्छा दिखता है," तो म्हणाला. "बत्ती है ना. शाम को आओ, हाजीसाब. मगरिब के टाइम बाहर ले जाके देखो. मैं दे देता हूँ, पैसा बाद में."

तीन आठवड्यांत पहिला शहाणा माणूस भेटला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही सूर्य बुडता बुडता पोहोचलो. त्याने दुर्बीण आणून अब्बांच्या हातात दिली, तेवढ्यात अजान झाली. "पहले नमाज," तो म्हणाला आणि आत वळला. अब्बांनी आयुष्यात कधी अजान ऐकून वेळ लावलेला मी बघितला नव्हता. त्या दिवशी ते म्हणाले, "दोन मिनिटं. इथे उजेड लवकर जातो."

दुकानासमोर रस्त्यापलीकडे वाळूचं मोकळं मैदान होतं. ट्रक उभे होते, त्यांच्या सावलीत दिवे पोहोचत नव्हते. आमच्या बागेत त्या वेळेला असतो तसाच मातकट उजेड. मी आधी लाल काचेची लावली. नुसता चिखल. मग काळी लावली, आणि चिखलातून ट्रकची चाकं वर आली, त्यावरचे नट दिसले. एका ट्रकच्या बाजूला एक ड्रायव्हर पुठ्ठा अंथरून नमाजाला उभा होता. त्याने बाजूला काढून ठेवलेल्या चपलांचे पट्टेसुद्धा मला मोजता आले. तीन आठवड्यांचा वैताग एका क्षणात उतरला. चारशेच्या आत खरी वस्तू मिळाली होती, आणि ती मी शोधली होती.

"घ्या, अब्बा. त्या ट्रकाजवळ बघा."

अब्बांनी दुर्बीण लावली. दुर्बिणीवरचं चाक पुढे फिरवलं, मागे फिरवलं.

"दिसतं?"

"दिसतं की."

"काय दिसतं?"

तीन आठवड्यांत हा प्रश्न मी त्यांना एकदाही विचारला नव्हता.

त्यांनी पुन्हा चाक फिरवलं. "जनावर आहे," ते म्हणाले. "ट्रकाच्या बाजूला. तोंड खाली घालून काहीतरी खातंय."

मी साध्या डोळ्यांनी तिकडे बघितलं. दुर्बिणीशिवायही कळत होतं. तो माणूस सजद्यात होता, कपाळ जमिनीला टेकवून.

"अब्बा," मी म्हणालो, "माणूस आहे तो. नमाज पढतोय."

त्यांनी दुर्बीण खाली घेतली नाही. ड्रायव्हर उठून बसला, पुन्हा वाकला, मग सरळ उभा राहिला. अब्बा ते सगळं काचेतून बघत होते. ते काय बघत होते कोण जाणे. "पुसून घ्या," मी म्हणालो, "काचेला वाफ आली असेल, चाक अजून थोडं फिरवा," आणि बोलता बोलताच माझी मला किळस आली. काचेचे आकडे मला पाठ होते. ज्या डोळ्यांना ती काच लागणार होती ते डोळे रोज सकाळी माझ्यासमोर बसून चहा बशीबाहेर ओतत होते, आणि मी मुंग्या पुसून त्यांनाच बोल लावत होतो. शाळेत जाणाऱ्या मुलीला जे दिसलं ते मला दिसलं नव्हतं.

अब्बांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. "वस्तू चांगली आहे," ते म्हणाले. "त्याला परत दे."

मग ते रस्ता ओलांडायला निघाले. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला नाही. ड्रायव्हरने नमाज संपवून, सलाम फिरवून मागे बघितलं, तर एक म्हातारा त्याच्या पुठ्ठ्याजवळ उभा. तो सरकला, पुठ्ठा अब्बांना दिला आणि त्यांच्या शेजारी वाळूत बसून राहिला. अब्बांचा सजदा त्या दिवशी फार लांबला. मी मैदानाच्या कडेला दोन दुर्बिणी गळ्यात अडकवून उभा होतो.

काळी दुर्बीण परत करून आम्ही गाडीत बसल्यावर त्यांनी खिशातून पासपोर्ट काढला, कव्हरातली ठाण्याची पावती काढली आणि माझ्या समोर धरली.

"ही तू ठेव. आता बंदूक सोडवायची नाही."

मी ती घेतली. काहीतरी बोलावं म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं, ऑपरेशन किती सोपं झालंय ते सांगायला लागलो. त्यांनी मान हलवली, नंतर बघू म्हणाले, आणि धाकट्याला फोन लावायला सांगितलं. मी स्पीकरवर लावून दिला.

"उद्या तिच्या घरी जा," अब्बा भावाला म्हणाले. "काजूवालीच्या. तिला सांग, म्हाताऱ्याने सांगितलंय, संध्याकाळी यायला हरकत नाही. अंधार पडेपर्यंत वेच म्हणावं."