दोन वर्षांच्या टॅरिफचा तपास

खुनाचे तपास केले, दरोडे उघडकीस आणले. त्यातले बरेचसे आता धूसर झाले आहेत, पण माझ्या हातून झालेला शेवटचा तपास अजून जसाच्या तसा डोळ्यांसमोर उभा राहतो. तो निवृत्तीनंतरचा. घटनास्थळ इंग्लंडमधलं मिल्टन कीन्स, मुलीच्या घरातलं स्वयंपाकघर. नावं सांगणार नाही, कारण सगळे संशयित घरचेच.

आम्ही उभयता हिवाळ्यात मुलीकडे राहायला गेलो होतो. तिकडचा हिवाळा म्हणजे अर्धवट झोप. सकाळ उशिरा उजाडते आणि दुपारचं जेवण होतं न होतं तोच दिवे लावायची वेळ येते. मुलगी हॉस्पिटलात कामावर, जावई वरच्या खोलीत लॅपटॉपवर, ही सोफ्यावर शाल पांघरून. मी रेडिएटरजवळच्या खुर्चीत बसायचो आणि डोळा लागायचा. मग बाहेरचं धुकं आणि माझं जुनं पोलीस ठाणं एकमेकांत मिसळून जायचं. आत हजेरी चाललेली, ठाणे अंमलदार स्टेशन डायरी उघडून बसलेला, आणि खिडकीबाहेर मात्र रेडवेवरून, म्हणजे तिथल्या लाल पायवाटेवरून, कुणी गोरी बाई कुत्र्याला घेऊन चाललेली. जाग आली तरी क्षणभर कळायचं नाही, आपण ड्युटीवर आहोत की पेन्शनवर. खरं सांगतो, मला ते फार आवडायचं.

खबर मिळाली ती तळ्याकाठी. जावयाचा एक नागपूरचा मित्र फिरताना भेटला आणि म्हणाला, "काका, त्याला सांगा, एनर्जीचं टॅरिफ आत्ताच फिक्स कर म्हणून. स्प्रिंगमध्ये संपतंय ना त्याचं? तोवर रेट वाढले तर बसेल बोंबलत. मी तर अर्ली रिन्यू करून मोकळा झालो."

तिकडे गॅस आणि विजेचा दर कंपनीशी वर्ष-दोन वर्षांसाठी बांधून घेता येतो. मुदत संपण्याआधीच नवा करार करावा, की दर उतरायची वाट बघावी, यावर लोक आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त ठरवावा तशी चर्चा करतात.

मी जेवताना विषय काढला. जावई उत्साहाने म्हणाला, "हो बाबा, ऑफर आलीये. टू इयर्स फिक्स्ड, संडेपर्यंत ओपन आहे. मी म्हणतो घेऊन टाकू."

"बघू नंतर," मुलगी म्हणाली आणि कुणी न मागता सगळ्यांना कोशिंबीर वाढू लागली.

माझे कान टवकारले. हे घर तिने एकदाच बघून पसंत केलं होतं. 'बघू' हा तिचा शब्दच नव्हे. आणि माझा अनुभव असा, की माणूस उत्तर टाळतो तेव्हा त्याच्या हातांना अचानक काम सुचतं.

दोन संशयितांना कधी एकत्र बसवून विचारायचं नाही, हा ठाण्यातला पहिला धडा. एकाची नजर दुसऱ्याला सांभाळून घेते. म्हणून आधी जावयाला गाठला, गाडीत. एका राउंडअबाउटवरून दुसऱ्यावर गाडी वळत होती आणि पेंग येत होती, तरी मी नेटाने विचारलं, "घोडं कुठे अडलंय?"

"मला नाही कळत बाबा. ती सारखी एक्झिट फीचं विचारते. मधेच सोडलं तर पेनल्टी बसते ना, ते."

"घर सोडायचंय का तुम्हाला?"

"छे हो! कुठे जाणार?"

खरं बोलत होता. पण मला धागा मिळाला. आत शिरायच्या आधी जो बाहेर पडायचं विचारतो, त्याच्या मनात जायचं असतं.

शनिवारी दुपारी मुलगी कपड्यांच्या घड्या घालत होती. ही आत झोपली होती. काचेवर वाफ धरली होती, घरात ऊबदार साबणाचा वास होता, आणि इतकं शांत, की प्रश्न विचारणंसुद्धा जिवावर आलं. तरी विचारला. "टॅरिफ का घेत नाहीस?"

"रेट खाली येतील म्हणतात, बाबा."

मी गप्प बसलो. तपासातलं माझं हुकमी हत्यार तेच. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. भली भली माणसं त्या शांततेत बोलती होतात. तिने एकाच टॉवेलची घडी दोनदा मोडून पुन्हा घातली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मी रिझाइन करणारे. पुण्याला येऊन राहणारे तुमच्याजवळ. त्याला अजून सांगितलं नाहीये."

"का पण?"

"आईमुळे. बाबा, तुम्हाला शॉक बसेल म्हणून बोलले नाही. ती परवा विजेच्या शेगडीसमोर उभी राहून लायटर शोधत होती. मला म्हणाली, ताई, तुमच्याकडे काडेपेटी आहे का? मला, ताई!"

माझी सगळी गुंगी उतरली. मला धक्का बसला होता, पण ती समजत होती तो नव्हे.

"मला दिवाळीपासून माहीत आहे," मी म्हणालो. "तुला कळू नये म्हणून मीच तिची वाक्यं पुरी करत होतो."

तेवढ्यात जिन्यावर पावलं थांबली. जावई रिकामा मग घेऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. हळूच म्हणाला, "मलाही माहितीये. त्या एकदा रेडवेवर रस्ता चुकल्या होत्या, मी घेऊन आलो. कुणाला सांगू नका म्हणून हात जोडले हो त्यांनी मला. काय करणार?"

एका छपराखाली आम्ही तिघं एकच गोष्ट एकमेकांपासून दडवत होतो. आणि मी, आयुष्यभर दुसऱ्यांकडून कबुली घेणारा, त्यांचे वेगवेगळे जबाब नोंदवत फिरत होतो. वेगवेगळं बसवलं की चोर खरं बोलतो. घरची माणसं मात्र वेगळी बसली, की एकमेकांच्या प्रेमापोटी खोटं बोलत राहतात. हे मला ठाण्यात कुणी शिकवलं नव्हतं. मुलीचं अख्खं आयुष्य त्यापायी उधळलं गेलं असतं.

रविवारी सकाळी मी सगळ्यांना टेबलापाशी एकत्र बसवलं, हिलाही. मी विषय काढणार, तोच ती बोलली.

"मला कळतं हो. काल तुमचं बोलणं आतून ऐकलं मी. धुक्यातून चालल्यासारखं होतं. मधेच लख्ख दिसतं, मधेच काही नाही. आत्ता दिसतंय तोवर सांगते." तिने मुलीचा हात धरला. "तू नोकरी सोडायची नाहीस. मी उद्या उलटं बोलले, ये म्हणून रडले, तरी आजचं माझं ऐकायचं."

मुलगी रडत होती. मग डोळे पुसून माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही? तुम्हाला झेपेनासं झालं की लगेच फोन करायचा. सगळं ठीक आहे, असं नाही सांगायचं. प्रॉमिस करा."

"केलं," मी म्हणालो. "आणि गेल्या गेल्या डॉक्टरला दाखवतो."

बाहेर ऊन पडलं होतं, दुधासारखं पातळ. कुणीच उठलं नाही. बऱ्याच वेळाने जावयाने फोन काढला आणि भीत भीत विचारलं, "मग टॅरिफ? आजच लास्ट डे आहे."

मुलीने मान हलवली. "घे. दोन वर्षांचं."

"दोन वर्षं म्हणजे दोन हिवाळे ना?" हिने विचारलं.

"हो," मी म्हणालो. "पुढच्या हिवाळ्यात आपण पुन्हा इथे यायचं."

ती हसली. लग्नानंतर पहिल्यांदा हसली होती तशीच, थोडी लाजून.

"येऊ की," ती म्हणाली. "फक्त मला आठवण करून द्या."