बर्फातला थर्मामीटर

निकिताने रामदास सोनवण्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा ते कॉलेजच्या जिन्याखाली सावलीत आंब्याच्या साली पसरत होते.

"उन्हात लवकर वाळतील की, काका."

"वाळतील, पण रंग उडेल. अन् तुमचं औषध रंगातच असतं ना, मॅडम?"

प्रयोगशाळेत परिचर म्हणून त्यांची तेवीस वर्षं झाली होती. निकिता वारज्याहून पीएच.डी.साठी यायची. सालीतली गुणकारी द्रव्यं ध्वनिलहरींनी बाहेर काढायची, हा तिचा विषय. यंत्राची धातूची कांडी बीकरमध्ये बुडवली की लहरी सालीचा कण न् कण फोडत. पण त्यात द्रावण तापतं आणि तापलं की द्रव्यं नासतात. म्हणून बीकर बर्फाच्या टबात ठेवायचं. काकांना हे पाठ होतं.

एकदा बाहेरचे परीक्षक आले असताना काका बोलून गेले, "बर्फ थोडा वाढवा, मॅडम."

निकिता आधीच धास्तावलेली. फटकन म्हणाली, "काका, मला एक गाईड पुरे. तुम्ही बाटल्या धुवा."

परीक्षक हसले. काकांनी बाटल्या धुतल्या.

दुसऱ्याच दिवशी शेवटचे प्रयोग सुरू झाले. टब उचलायला गेलेल्या काकांना दिसलं, थर्मामीटर बीकरमध्ये नव्हताच. बाहेर बर्फात उभा होता. बीकर हाताला कढत लागत होतं आणि निकिता बर्फाचं तापमान वहीत उतरवत होती. 'आपण बाटल्या धुवायच्या,' असं मनाशी म्हणत ते गप्प बसले. दोन दिवस गेले, चार गेले. मग तर सांगायचीच चोरी झाली. 'इतके दिवस का नाही बोललात?' याला उत्तर काय देणार?

तपासणीत अर्कात द्रव्य नावालाच निघालं. तोवर आंबे संपले होते. शिष्यवृत्तीची मुदत ऑगस्टपर्यंतच होती, पुढच्या मोसमापर्यंत थांबणं तिला शक्य नव्हतं. अर्धवट सोडून ती नाशिकला नोकरीला गेली.

जाताना वाकून नमस्कार केला. "त्या दिवशी बोलले, चुकलंच माझं, काका. पण प्रयोग कुठे बिघडला, कळलंच नाही हो."

काकांनी 'सुखी राहा' म्हणून तिची बॅग रिक्षात ठेवली.

काकांनी हे घरी सांगितलं तेव्हा त्यांच्या पत्नी चंद्रभागाबाई म्हणाल्या, "मूग गिळलेत ते गिळलेत, वर नमस्कारही घेतलात!"

गेल्या वर्षी रामदासकाका निवृत्त झाले. धायरीत राहतात. निकिताचा नंबर त्यांच्या फोनमध्ये आहे. त्यांनी तो अजून लावलेला नाही.