खूण नसलेली वाघर

कंपनीने घरूनच काम करायला सांगितलं तेव्हा मी आनंदाने गावी, निरगुडसरला आले. आठवड्याभरात कळलं, आमच्या घरात माणसांना जागा आहे, टेबलाला नाही. मागची खोली होती, पण आईने तीस वर्षांत तिच्यातलं काहीही टाकलेलं नव्हतं. बिनझाकणाचे डबे, बिनडब्यांची झाकणं आणि नुसता आवाज करणारा एक कूलर.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात जीसी असते. माझ्या भाचीच्या लेखी जीसी म्हणजे मैत्रिणींचा ग्रुप चॅट. आमची म्हणजे गार्बेज कलेक्शन. कॉम्प्युटर आपली मेमरी आपणच झाडतो. जे अजून कुणाला लागतंय त्यावर खूण करायची, बाकीचं टाकायचं. जेवताना मी हे मोठ्या ऐटीत सांगितलं.

"यात नवीन काय?" माझे वडील, आबा, म्हणाले. "पाण्यावर दोन कळप मिसळले की आमी हेच करायचो. खूण बघायची अन् ज्याचं त्याला."

आबांनी जन्मभर मेंढरं राखली. गेल्या वर्षी गुडघे बोलायला लागले तेव्हा त्यांनीच ती विकली. तेव्हापासून ते ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चुका काढतात. त्यांना काम मिळावं म्हणून मी खुणांसाठीचा गेरू त्यांनाच कालवायला लावला. ठरलं असं, की रविवारी मागच्या खोलीतल्या हव्या त्या वस्तूवर गेरूचं बोट टेकवायचं आणि उरलेलं सोमवारी घंटागाडीत.

आई डब्यांवरून गौरी सजवल्यासारखी बोटं टेकवत फिरली. तेवढ्यात गावभर बातमी झाली. शेजारच्या काकू आल्या आणि आमची शिडी मुळात त्यांची निघाली. चुलतीने परातीवर बोट टेकवलं, मग पाट्यावर, मग वरवंट्यावर. मला भयंकर राग आला, पण नियम माझाच होता.

संध्याकाळी बिनखुणेच्या दोनच वस्तू उरल्या. एक कूलर आणि दुसरी वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची दोरखंडाची जाळी. आबांनी दिवसभरात कशालाच बोट लावलं नव्हतं.

"आबा, वाघर?"

"मेंढरं न्हाईत तर वाघर कशाला? नियम म्हंजी नियम."

मी वाघर कूलरशेजारी लावून ठेवली. मला टेबलाला जागा हवी होती, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

सोमवारी घंटागाडी आली. कूलर मी ढकलत नेला. वाघर आबांनी स्वतः खांद्यावर घेतली आणि लंगडत रस्त्यापर्यंत नेली.

"बाबा, चांगली हाय की," ड्रायव्हर म्हणाला. "कुणाचीच न्हाई का?"

"न्हाई."

"माझी हाय!" आई पिठाच्या हातांनी धावत आली. "खाली ठेवा."

"तुला काय करायची?"

"वाळवणावर कोंबड्या येत्यात."

"मग काल खूण का न्हाई केली?"

"वाट बघत व्हते," आई म्हणाली. "पार वरवंट्यावर खुणा झाल्या. म्हटलं, तुमी येकदा तरी म्हणाल, ऱ्हाऊ दे, माझी हाय."

आबांनी जाळीची एक गाठ अंगठ्याने चाचपली. मग सगळी चूक त्या ड्रायव्हरचीच असल्यासारखे त्याच्यावर खेकसले, "बघतो काय, भाऊ? माझी हाय ती. धर तिकडनं, आत ठिवायचीय."

त्याने मुकाट्याने दुसरं टोक धरलं.