मोटारसायकलखालचे मामेसासरे

माझ्या मामेसासऱ्यांच्या पानाच्या डब्यात सुपारीच्या शेजारी टॅप असायचे. टॅप म्हणजे बोल्टाच्या भोकात आटे पाडायचं हत्यार. लग्नाच्या पंगतीनंतर एखादा पाहुणा सुपारी चाचपायला जायचा आणि बोटं तेलकट करून घ्यायचा. मामा खूश! ओझरच्या विमान कारखान्यात त्यांची हयात गेली होती, आणि देशातली विमानं आपल्या भरवशावर उडतात असं ते सांगायचे. नातलगांत त्यांचं नाव टॅपमामा.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्यांचे फक्त पाय दिसत होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशिकहून मंडळी मला बघायला इगतपुरीला आली होती. अंगणात अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मोटारसायकल उभी होती. इंजिनाखालच्या बोल्टाचे आटे गेल्यामुळे तिचं तेल ठिबकायचं. अण्णांनी साबण आणि चिंधी लावून कसंबसं भागवलं होतं. मामांनी ते फाटकातूनच हेरलं. मंडळी घरात आली, मामा गाडीखाली गेले.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आई ओरडली, "अगं, माझी परात!" मामांनी इंजिनातलं तेल तिच्या परातीत काढलं होतं. परात सोडवायला मी नेसत्या रेशमी साडीनिशी धावले, तर खालून आवाज आला, "पोरी, बॅटरीचा उजेड धर जरा."

तेवढ्यात अण्णा बाहेर आले. "अहो मामासाहेब, मुलगी बघायला आलात की गाडी?"

"मुलीला बघायला मुलगा आलाय," मामा म्हणाले. "हिला बघायला कोणीच नव्हतं."

अण्णा लालबुंद झाले. गाडी त्यांचा जीव की प्राण. आत जाऊन ते सगळ्यांसमोर म्हणाले, "हे काही जमायचं नाही." बाहेर आम्हाला स्पष्ट ऐकू आलं. मी अजून मुलगाही पाहिला नव्हता.

खालून मामा हळूच म्हणाले, "माझ्यापायी तुझं लग्न मोडलं बहुतेक. निदान गाडी तरी पुरी करू."

मला रडू यायला हवं होतं, आलं हसू. भोक त्यांनी मोठं करून ठेवलंच होतं. त्यात जाड बोल्टाचे नवे आटे पाडायचे होते. "माझा हात अडकतोय, तू फिरव. अर्धा फेरा पुढे, मग थोडा मागे. धातूचा कीस तुटू दे. दांडगाई नको." मी पदर खोचून बसले. टॅप कुरकुरत आत जात होता आणि ती कुरकुर मला थेट मनगटात कळत होती. मग भोक पुसून नवा बोल्ट लावला. बोटानंच सरसर आत गेला!

इतक्यात मामांना न्यायला मुलगा बाहेर आला. माझे काळे हात बघून थबकला, मग उकिडवा बसत म्हणाला, "पाना देऊ?" माझ्या नवऱ्याचं माझ्याशी पहिलं बोलणं ते.

शेजाऱ्यांकडून तेल आणून भरलं. अण्णांनी बाहेर येऊन किक मारली, इंजिन चालू ठेवलं आणि वाकून बराच वेळ खाली बघितलं. एक थेंब पडला नाही. मग घराकडे तोंड करून म्हणाले, "पोहे गरम करा."

लग्नानंतर आम्ही नाशिकला इंदिरानगरात, मामांच्याच गल्लीत राहायला लागलो आणि मामांनी मला त्यांची शागीर्द करून टाकलं. गल्लीतल्या कुणाच्याही गाडीचे आटे गेले की ते हाक मारायचे, "सूनबाई, कणिक राहू दे!" शेजारणी नाकं मुरडायच्या. पण त्यांच्या नवऱ्यांच्या गाड्या आमच्याच दारात यायच्या.

पुढे मधुमेहानं मामांच्या बोटांची जाणीव गेली. ते कोणाला बोलले नाहीत. एकदा त्यांच्या हातून बोल्ट वाकडा बसला आणि नवे आटे चिरडले. मग टॅप माझ्यापुढे धरून म्हणाले, "हात तुझा, तोंड माझं. तोंडाला अजून काही झालेलं नाही."

तसंच चाललं, काही वर्षं. ते स्टुलावर बसून विचारायचे, "हाताला काय लागतंय?" मी सांगायची, "जड जातंय." "मागे घे."

शेवटच्या आजारात मी त्यांना भेटायला दवाखान्यात गेले. डोळे मिटूनच त्यांनी सलाइनच्या स्टँडकडे बोट केलं. "सारखा खाली सरकतोय. बघ."

मी स्टँडचा स्क्रू बोटानं फिरवून पाहिला. "आटे चांगले आहेत, मामा. नुसता सैल आहे."

"नक्की?"

"नक्की."

"मग आवळ," ते म्हणाले. "बेतानं."

मी बेतानं आवळला. तोवर त्यांना झोप लागली होती.